पन्नास किलोचा संप

आमच्या लातूरच्या मार्केट यार्डात संप झाला तेव्हा तीन आठवडे कुणी एक पोतं उचललं नाही. पण किस्स्यांची थप्पी मात्र गोदामाच्या पत्र्याला जाऊन टेकली! काम चालू असताना हमालाला बोलायला दमच उरत नाही. पाठीवर शंभर किलो असलं की तोंडातून "बाजू, बाजू" एवढंच निघतं. त्याला रिकामं बसवा, मग बघा. आता दोन हमाल चहाला भेटले की तिसरं वाक्य संपाचंच असतं. आणि दर वेळी किस्सा दोन-दोन किलोनं वाढलेला असतो. मी सांगतो ते मात्र काट्यावर तोलून घेतलेलं आहे.

मी दशरथ. गाव रेणापूर, शिक्षण दहावी, हमाली वीस वर्षं. सकाळी सगळ्यांना पेपर वाचून दाखवतो म्हणून यार्डात मला 'पेपरवाला' म्हणतात.

भांडण होतं पोत्याच्या वजनाचं. तूर असो की सोयाबीन, पोतं शंभर किलोचं. पन्नासच्या वर भरू नये असा नियम होता, पण तो कागदावर. अन् कागद उचलायला हलका असतो! आमच्या टोळीतला व्यंकट थप्पीवर चढताना घसरला. तो खाली आणि पोतं त्याच्यावर. डॉक्टर म्हणले, आता पाण्याच्या तांब्यापेक्षा जड काही उचलायचं नाही. व्यंकटचं वय बत्तीस. आता गावाकडं भावाच्या दुकानात बसून असतो, साखर तोलायलाही दुसरं माणूस लागतं.

व्यंकटला दवाखान्यातून घरी सोडलं त्या दिवशी आमच्या मुकादमानं, गफूरभाईनं, डोक्यावरची गोणपाटाची खोळ काढली आणि यार्डाच्या गेटला टांगली. साठीचा माणूस, चाळीस वर्षं हमाली केलेला. एवढंच बोलला, "बस. अब पचास."

झाला संप सुरू.

*

पहिल्या दिवशी आम्ही चौघं मन्मथअप्पांच्या आडतीवर गेलो. अप्पा म्हणजे आमच्या लाइनीतले मोठे आडते. दोन डाळ मिल त्यांच्या. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, आवाज असा की शिवी दिली तरी आशीर्वाद वाटावा. आम्हाला बसवलं, चहा पाजला, मागणी ऐकली आणि पोट धरून हसले.

"पन्नास किलोचं पोतं? अरे, मग त्याला पोतं कशाला म्हणायलाव? पिशवी म्हणा, पिशवी!"

दिवाणजी हसले. दिवाणजी हसले म्हणून कारकून हसला.

गफूरभाईनं बशीतला चहा संपवला. मिशी पुसली. "हौ अप्पा. पिशवीच म्हणू. पर पिशवी उचलायला हमाल कायकू होना? तुमची तुम्ही उचला."

आणि आम्ही उठून आलो. चहा मात्र फर्स्टक्लास होता.

*

संपाचा त्रास मालकाला होतो असं म्हणतात. खोटं आहे. पहिला त्रास बायकोला होतो.

माझी बायको शांता. तिचं माहेर उदगीरच्या पलीकडं, कर्नाटकाच्या हद्दीत. प्रेमानं बोलते मराठीत, भांडते कन्नडमध्ये. संपाच्या दुसऱ्या दिवशी मी सवयीनं पाचला उठलो आणि करायला काही नाही म्हणून ओट्यावर बसून राहिलो. आमच्या गल्लीत नळाचं पाणी आठ-दहा दिवसांनी येतं, तोवर हापसा. शांतानं दोन घागरी माझ्यापुढं आणून आदळल्या.

मी म्हटलं, "अगं, संप हाय आमचा!"

"संप पोत्याचा हाय. घागरीचा न्हाई!"

हापशावर गेलो तर आमची अख्खी टोळी लाइनीत उभी! पंधरा हमाल, तीस घागरी. कुणी कुणाच्या तोंडाकडं बघेना. शेवटी गफूरभाईच म्हणाले, "पानी का वजन किसने तय किया, पता है क्या?"

कुणाला माहीत नव्हतं. माझ्या मागं उभी असलेली एक म्हातारी म्हणाली, "आम्हाला बी न्हाई. आम्ही कधी संप केला न्हाई ना!"

*

आठवडाभरात आडतीवर माल साचला. हैदराबादचा ट्रक दोन दिवस उभा. ड्रायव्हर अप्पांच्या ओट्यावर बसून पंख्याखाली झोपा काढायला लागला. अप्पांच्या पुतण्याला हे बघवलं नाही. त्याचं नाव ओंकार. पोरगं जिमला जाणारं, दंड असे की शर्टाची बाही कण्हायची. तो आणि त्याचे तीन मित्र कंबरेला पट्टे बांधून आले. आणखी एक जण मोबाईल घेऊन शूटिंगला. रील काढायचं होतं, 'मालक भी, हमाल भी' असलं काहीतरी.

आम्ही रस्त्याच्या पलीकडं बसलेलो. असा खेळ फुकट कुठं मिळतो!

ओंकार पोत्याच्या पुढं उभा राहिला. वाकला. हात लावला. मागं सरकला. दुसऱ्या बाजूनं गेला. जिममध्ये लोखंडाला दांडा असतो. पोत्याला काय असतं? पोतं म्हणजे झोपलेली म्हैस. इकडं धरलं तर तिकडं लोंबतं.

"अरे, याला ग्रिप कुठंय?" ओंकार घाम पुसत ओरडला.

गफूरभाईनं रस्त्यापलीकडून उत्तर दिलं, "बेटा, ग्रिप तेरे चाचा के हात में है! ये तो सिरफ पोता है!"

चौघांनी मिळून एक पोतं ट्रकपर्यंत नेलं. नेलं म्हणजे काय, लोळवलं. ट्रकच्या फाळक्यापाशी शिवण उसवली आणि शंभर किलो तूर रस्त्यावर. कबुतरांनी संप केलेला नव्हता, ती लगेच कामाला लागली.

रील मात्र निघालं. हजारो लोकांनी बघितलं. आमच्या पोरांनीच पसरवलं.

*

मग नांदेडहून आमचे पुढारी आले. आम्ही त्यांना नुसतं 'साहेब' म्हणायचो. माणूस चांगला, पण बोलायला लागला की आमच्यातल्या निम्म्यांना झोप आणि निम्म्यांना भूक लागायची. त्यांनी मांडव टाकला, सतरंज्या आणल्या आणि मागण्यांची यादी करायला घेतली. अक्षर चांगलं म्हणून लिहायला मी.

तोवर डाळ मिलमधल्या निवडणीच्या बायकाही संपात उतरल्या होत्या. त्यांची म्होरकी कलावतीबाई. लोहा गावची लेक, लातूरची सून. दिवसभर डाळ निवडून निवडून नजर अशी झालेली की माणसातला खडाही लांबून दिसावा. मिलमध्ये बायकांच्या संडासाला कडी नव्हती. एकीनं आत जायचं, दुसरीनं दार धरून उभं राहायचं, आणि मिलच्या मुकादमानं दोघींची गैरहजेरी लावायची. त्यांची मागणी एकच, कडी.

साहेब म्हणले, "ताई, हा प्रश्न महत्त्वाचाच आहे. पण आत्ता मुख्य लढा वजनाचा आहे. महिलांचा विषय आपण नंतर घेऊ."

मांडवामागं कलावतीबाईंनीच दगडाची चूल मांडलेली, तीनशे माणसांची खिचडी रटरटत होती. त्या उठल्या, चुलीतली लाकडं ओढली आणि पातेल्यावर परात उपडी घातली.

"बायांनो, चला. खिचडीचा विषय बी नंतर घिऊ!"

मांडवात जी शांतता पसरली, तशी साहेबांच्या भाषणालाही कधी पसरली नव्हती. मग मागून कुणीतरी केविलवाण्या आवाजात म्हणालं, "साहेब, कडी घ्या की वर!"

मी तर साहेबांनी सांगायची वाट पण बघितली नाही. मागणी नंबर दोन : कडी. आतून.

*

साहेबांचाच आणखी एक. मांडवात आम्ही नमुना म्हणून शंभर किलोचं एक पोतं ठेवलं होतं. हार घातलेला, पुढं पाटी, 'हाच तो!' येणारा-जाणारा त्याला हात लावून बघायचा.

एका दुपारी साहेब रंगात आले. "बंधूंनो, आजपासून तुमचं ओझं मी माझ्या खांद्यावर घेतलं आहे!"

टाळ्या पडल्या. कलावतीबाई बसल्या जागेवरून म्हणल्या, "घ्या की साहेब. हे काय हितंच हाय."

आता मागं कसं फिरणार? समोर तीनशे माणसं, त्यात निम्म्या बायका. साहेबांनी सदऱ्याच्या बाह्या वर केल्या. दोघांनी पोतं उचलून त्यांच्या पाठीवर टेकवलं. नुसतं टेकवलं हो, सोडलं पण नव्हतं! 'कट्ट' असा आवाज आला आणि साहेब अर्धे वाकले ते तसेच राहिले. सरळही होईनात, खालीही बसेनात. शेवटी तशाच अवस्थेत ऑटोत आडवे घातले आणि दवाखान्यात नेले.

दुसऱ्या दिवशी पेपर मी वाचला. मोठ्या अक्षरात बातमी : 'हमालांसाठी लढणाऱ्या नेत्याची प्रकृती चिंताजनक!' खाली लिहिलं होतं, उपोषणामुळं अशक्तपणा. उपोषण? अहो, पोतं उचलायच्या आधी दोन वाट्या खिचडी हाणली होती माणसानं!

पण बातमी ती बातमी. संध्याकाळपर्यंत नांदेडचे हमाल बाहेर पडले. दुसऱ्या दिवशी लोह्याचे, मग उदगीरचे. टेम्पोवाले आले, हातगाडीवाले आले, मोंढ्यातली चहाची दुकानंसुद्धा बंद. नांदेड-लातूरकडं एवढं सगळं एका दमात बंद झालेलं गफूरभाईनंही कधी बघितलं नव्हतं. साहेबांनी चाळीस भाषणांत जे केलं नाही, ते त्यांच्या एका मणक्यानं केलं!

आम्ही दवाखान्यात भेटायला गेलो. साहेब पालथे पडलेले. तोंड उशीत. आतून आवाज आला, "खरंच शंभर किलो असतं का रे ते?"

"हाव साहेब," मी म्हटलं.

"रोज?"

"दिवसाला शंभर-दीडशे पोती."

त्यांची पुढची भाषणं एकदम छोटी झाली.

*

मालकांनी मग बाहेरून माणसं आणली. एका सकाळी उदगीर रोडनं टेम्पो आला, आत वीस तगडे गडी, सगळे कर्नाटकातले. आमची पोरं दगड शोधायला लागली. गफूरभाईनं दम दिला, "पत्थर नक्को. वो भी अपने जैसेच हैं." पण त्यांच्याशी बोलणार कोण? त्यांना मराठी येईना, आम्हाला कन्नड.

मी घरी फोन लावला. शांता चहाची किटली घेऊन आली आणि सरळ टेम्पोत चढली! वीस वर्षांच्या संसारात मला तिचं फक्त भांडणाचं कन्नड माहीत. हसऱ्या चेहऱ्यानं पण ती भाषा बोलता येते हे मला त्या दिवशी कळलं.

थोड्या वेळानं खाली उतरली ती हसतच.

"काय म्हणायलेत?"

"त्यांना फोनवर सांगितलंय, पोतं पन्नास किलोचं हाय म्हणून!"

म्हणजे बघा! आमची मागणी अप्पांनी आधीच मंजूर केलेली होती. फक्त कन्नडमध्ये!

शांतानं त्या वीस जणांना मांडवात आणून नमुन्याचं पोतं दाखवलं. त्यांच्या म्होरक्यानं ते एकदा हलवून बघितलं, तोंडात बोट घातलं आणि सतरंजीवर मांडी ठोकली. बाकीचे एकोणीस त्याच्या मागं. टेम्पो तोवर परत गेलेला. आता यांच्या जेवणाचं काय? तर अप्पा पडले धर्माचे. दारात बोलावलेला माणूस उपाशी ठेवणार नाहीत. तीन दिवस ते वीस जण अप्पांच्या घरचं वरण-भात-तूप खायचे आणि आमच्या मांडवात येऊन घोषणा द्यायचे, "नूरु बेडा, ऐवत्तु बेकु!" शंभर नको, पन्नास पाहिजे.

घोषणा एवढी चालली की तिसऱ्या दिवशी अप्पांच्या घरचा आचारी वरण वाढताना तीच गुणगुणत होता म्हणे!

*

मग सरकार जागं झालं. एक अधिकारी आले, सोबत फाइल, फाइलीच्या मागं शिपाई. तेवढ्यात मालकांनी हुशारी केलेली. पोती तीच शंभरची, फक्त त्यांवर निळ्या शाईत छापून आणलेलं : '५० किलो'.

अधिकाऱ्यांनी चष्मा लावला, वाचलं, पेन काढलं. "तक्रारीत तथ्य दिसत नाही. पोत्यावर स्पष्ट पन्नास लिहिलेलं आहे."

"साहेब, काटा हितंच हाय, घाला की काट्यावर," आम्ही म्हटलं.

"त्याची आवश्यकता नाही. लिखित स्वरूपात आहे ना!"

कलावतीबाई पुढं आल्या. त्यांच्या हातात त्यांची रोजची पिशवी, खताच्या गोणीची शिवलेली. ती त्यांनी अधिकाऱ्यांच्या डोळ्यांपुढं धरली.

"साहेब, हे काय लिहिलंय वाचा."

"युरिया."

कलावतीबाईंनी पिशवीत हात घातला, ज्वारीची भाकरी काढली, वर हिरव्या मिरचीचा ठेचा, आणि अधिकाऱ्यांच्या फाइलीवर ठेवली.

"घ्या. खा युरिया!"

पोतं काट्यावर गेलं. एकशे दोन भरलं.

*

तिसऱ्या आठवड्यात तोडग्याची बैठक बसली. एका बाजूला आडते आणि मिलवाले, दुसऱ्या बाजूला आम्ही. साहेब पट्टा बांधून ताठ बसलेले, मान वळवायची तर सगळं अंग वळवायचे.

अप्पांनी हात जोडले. "पन्नास तर पन्नास. तुमचं मागणं मान्य. पण न्याय दोन्हीकडून पाहिजे का नको? पोतं अर्धं झालं, तर हमाली बी अर्धी."

दिवाणजींनी मान डोलवली. साहेबांनी तोंड उघडलं, पण त्यांना वळायला वेळ लागत होता. तोवर गफूरभाई बोलले.

"मंजूर अप्पा."

मी तर त्यांचा सदराच ओढला. त्यांनी माझा हात बाजूला केला.

"हमाली अर्धी. पर पोतं अर्धं झालं तर चकरा दुप्पट होतात. तुमच्या गोदामाला पायऱ्या हायत बारा. त्या सहा करा, मग लिहा अर्धी हमाली."

कुणीतरी फिस्सकन हसलं. मालकांच्या बाजूनं! तो ओंकार होता. अप्पांनी त्याच्याकडं बघितलं, तर तो म्हणतो, "काका, बाराच्या बारा पायऱ्या लई उंच हायत. मी चढलोय."

शेवटी पन्नासच्या पोत्याला हमाली अर्धी नाही, पाऊण ठरली, म्हणजे जादा चकरांचे पैसेही निघाले. लातूर, नांदेड, लोहा, उदगीर, सगळीकडं पन्नास. कागद झाला, सह्या झाल्या. कलावतीबाईंनी मात्र सही केली नाही. म्हणल्या, आधी कडी दाखवा. मिलमध्ये सुतार बोलावला, कडी बसली. त्या आत गेल्या, कडी लावली. आम्ही सगळे बाहेर उभे, साहेबांसकट. पाच मिनिटं झाली, दहा झाली.

"ताई, काय झालं? अडकली का कडी?" साहेबांनी विचारलं.

आतून आवाज आला, "न्हाई. निवांत बसलाव."

*

आणि कामाचा पहिला दिवस.

गेटवर नारळ फुटला. अप्पांनी स्वतः पेढे वाटले. कालपर्यंत आमच्या नावानं बोटं मोडणारे आडते फोटो काढायला पुढं. पन्नासचं पहिलं पोतं कुणी उचलायचं यावर चर्चाच नव्हती. गफूरभाई.

त्यांनी डोक्यावर खोळ घेतली. बिस्मिल्ला म्हणले. गुडघ्यावर हात ठेवून वाकले, चाळीस वर्षं वाकले तसेच. मी आणि आणखी एकानं पोतं उचलून त्यांच्या पाठीवर ठेवलं. गफूरभाईनं दात आवळले, मानेच्या शिरा फुगल्या, आणि शंभर किलोचा जोर लावून उठले.

उठले ते थेट तोंडावर पडले! पोतं डोक्यावरून पुढं उडून अप्पांच्या पायाशी.

सगळं यार्ड हसलं. पोटं धरधरून हसलं. ट्रकचा ड्रायव्हर हसला, पेढ्याचा खोका धरून उभे असलेले दिवाणजी हसले, मीसुद्धा हसलो. अप्पांच्या डोळ्यांत तर पाणी आलं.

"काय गफूरभाई! पन्नास बी झेपंना का आता?"

गफूरभाई मातीत बसले होते. नाकाला खरचटलं होतं. त्यांनी हात लांब करून पोतं चाचपलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मग अप्पांकडं मान वर करून अगदी साध्या आवाजात विचारलं, "भरलेलंच दिलं ना, अप्पा?"